नोर्चासारख्या इटालियन गावात भूकंपाचा धोका खरंच किती आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याच्या कामामुळे इटलीत उंब्रिया प्रांतातल्या नोर्चा गावात वर्षभर राहायचंय, २०१६ च्या भूकंपाचे फोटो पाहून घरच्यांनी धसका घेतलाय, आणि घरमालक म्हणतोय की एवढा मोठा होऊन गेला, आता शंभर वर्षं बघायला नको. खरं काय समजायचं?

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. पेरूजामध्ये राहून जुन्या दगडी इमारतींच्या मजबुतीकरणाचं काम केलं, त्या निमित्ताने नोर्चाला जाणं-येणं असायचं. म्हणून आधी घरमालकाचाच समाचार घेते. त्याच्या गावाचा इतिहासच त्याच्या विरोधात साक्ष देतो. १४ जानेवारी १७०३ ला भीषण भूकंप झाला. त्या हिवाळ्यातल्या धक्क्यांच्या मालिकेत लाक्विलापर्यंतच्या पट्ट्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. गाव सावरतंय तोवर २७ वर्षांनी, १७३० मध्ये पुन्हा. मग १८५९, मग १९७९, आणि त्यानंतर अवघ्या ३७ वर्षांत २०१६. यातून कसलं वेळापत्रक निघतं, तुम्हीच सांगा.

शिवाय धक्का दर वेळी एकाच भेगेतून येतो असंही नाही. अपेनाइन डोंगररांग दोन्ही बाजूंनी ताणली जातेय, वर्षाला साधारण तीन मिलिमीटर. हा ताण अनेक भ्रंशांवर, म्हणजे खडकातल्या सरकणाऱ्या भेगांवर, वाटला जातो. २०१६ मध्ये मुख्यतः वेत्तोरे डोंगराचा भ्रंश सरकला. कास्तेल्लुच्चोच्या पठारावर गेलात तर डोंगराच्या उतारावर एक फिकट आडवी रेघ दिसेल. ३० ऑक्टोबरला तिच्या खालची जमीन काही ठिकाणी जवळजवळ दोन मीटर खचली आणि तोवर मातीत दडलेला खडक उघडा पडला. १७०३ चा भूकंप मात्र अभ्यासक नोर्चाच्या खोऱ्यालगतच्या वेगळ्या भ्रंशाशी जोडतात. म्हणजे एकाने ताण मोकळा केला म्हणून शेजारच्याचा हिशोब मिटत नाही. इटलीच्या भूकंप वर्गीकरणात चार झोन आहेत. नोर्चा पहिल्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या झोनमध्ये येतं. त्यात गाव बसलंय गाळाने भरलेल्या खोऱ्याच्या कडेला, आणि असा गाळ हादरे वाढवतो.

हे वाचून लगेच तिकीट रद्द करू नका. २०१६ मध्ये तिथे काय झालं ते नीट पाहा.

२४ ऑगस्टला पहाटे ३:३६ ला ६.० तीव्रतेचा धक्का बसला. आमात्रिचे, आक्कुमोली, आर्क्वाता या भागात २९९ लोक मेले. नोर्चात एकही नाही. तिथे हादरा आमात्रिचेपेक्षा बराच कमी होता, हे खरं. पण ३० ऑक्टोबरला सकाळी ७:४० ला ६.५ चा जो धक्का आला, तो १९८० च्या इर्पिनिया भूकंपानंतरचा इटलीतला सर्वांत मोठा, आणि त्याचं केंद्र गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. संत बेनेडिक्टची बॅसिलिका कोसळली, दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. गावातली इतर चर्चही पडली. साधू, नन आणि गावकरी चौकातल्या पुतळ्याजवळ गुडघे टेकून बसलेले फोटो तुम्ही पाहिले असतीलच. तरीही माणूस एकही दगावला नाही. चार दिवसांपूर्वीच्या धक्क्यांमुळे बरेच लोक घराबाहेर झोपत होते, त्याचा मोठा हात आहे. पण आत असलेलेही बाहेर पडू शकले, कारण बरीचशी घरं तडकली तरी भुईसपाट झाली नाहीत.

याचं मूळ पार १८५९ मध्ये आहे. तेव्हा नोर्चा पोपच्या राज्यात होतं. त्या भूकंपानंतर वास्तुकार लुइजी पोलेत्ती आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांना पाहणीला पाठवलं गेलं आणि १८६० मध्ये बांधकामाचे नियम आले: घर दोन मजल्यांचंच, उंची साडेआठ मीटरच्या आत, वर घुमटाकार छत नको. गावात फिरताना घरं बुटकी आणि काही भिंती पायाशी फुगीर, तिरप्या दिसतील, त्या यामुळेच. पुढे १९७९ आणि १९९७ च्या भूकंपांनंतर सरकारी पैशातून आणखी मजबुतीकरण झालं. चर्चला ना उंचीचा नियम लागला, ना मधे आडव्या भिंती असतात. म्हणून ती पडली.

इथल्या जुन्या भिंतीचा दोष आपल्या किल्लारीच्या भिंतींसारखाच आहे. दगडाचे दोन पदर, मधे चुरा-मातीची भर, आणि दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसला की बाहेरच्या पदराला पोट येतं आणि तो ढासळतो. उपाय म्हणून मजल्याच्या पातळीवर लोखंडी सळया आरपार घालून बाहेरून पट्ट्यांनी आवळतात. भिंतीवर लोखंडी काटकोनी किंवा गोल चकत्या ओळीने दिसल्या तर ते चांगलं लक्षण. पण जुन्या कच्च्या भिंतीवर नुसता काँक्रीटचा जड स्लॅब ठेवला असेल तर ते घर नको. ८० च्या दशकात असे प्रकार बरेच झाले आणि ती घरं पुढच्या भूकंपांत वाईट वागली.

घरमालकाला शंभर वर्षांच्या गप्पांऐवजी हे विचारा: २०१६ नंतरच्या पाहणीत घराला कुठला शेरा मिळाला होता (ए म्हणजे राहण्यायोग्य, ई म्हणजे अयोग्य), दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, आणि इंजिनिअरने दिलेला भूकंप-जोखीम वर्ग काय आहे. हा ए-प्लस (सर्वांत कमी जोखीम) ते जी (सर्वांत जास्त) असा असतो. कागद दाखवायला कां-कूं केली तर दुसरं घर बघा, किंवा २०१६ नंतर नव्याने बांधलेलं घ्या. माझ्यापुढे पर्याय असता तर गावकुसातल्या देखण्या चौथ्या पिढीच्या घरापेक्षा मी तेच घेतलं असतं.

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात नगरपालिकेने ठरवलेली जमायची मोकळी जागा चालत जाऊन बघून या. अरुंद गल्ल्यांतून जाणारा रस्ता टाळा, कारण कौलं आणि कठडे तिथेच पडतात. पलंगाच्या डोक्याशी कपाट असेल तर ते भिंतीला स्क्रूने पक्कं करून घ्या, आणि चपला पलंगाखाली ठेवा. काचांवरून अनवाणी धावता येत नाही. मदतीचा नंबर ११२.