साबणावरची उलटी अक्षरं

पत्र : मुलगा पीयूसी पहिल्या वर्षाला (म्हणजे अकरावीला), सायन्सला आहे. 58 टक्के पडले. सारखं जुन्या नाण्यांत डोकं. अंघोळीच्या साबणावर अक्षरं कोरतो, तीही उलटी. म्हणतो, नाणी डिझाइन करणार. नाण्यांचा डबा मी कपाटात कुलूप लावून ठेवलाय. रिझर्व्ह बँकेत अशी नोकरी असते का? नसेल तर त्याला समजवा.
– एक वडील, निपाणी

उत्तर : नमस्कार. आधी तो डबा बाहेर काढा.

58 टक्क्यांनी मी घाबरलो नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर इंग्रजीतल्या फिजिक्ससमोर अडखळतं. आपल्या सीमाभागात हे घरोघरी दिसतं. मला काळजी वाटली ती कुलपाची. डबा बंद केल्यानं मार्क वाढणार नाहीत, पोरगा तुमच्यापासून लपवायला मात्र शिकेल. आज तो तुमच्यासमोर साबण कोरतोय, हे तुमचं नशीब समजा.

आणि उलटी अक्षरं? ते वाक्य मी तीनदा वाचलं. नाण्याचा ठसा उलटाच कोरावा लागतो, तेव्हा अक्षर सुलटं उठतं. शिवराईवरचं ‘श्री राजा शिव’ असंच उठलंय. हे त्याचं त्याला उमगलं असेल, तर त्याला वाया जाणारा साबण म्हणू नका.

आता बँकेचं. नाणी रिझर्व्ह बँक पाडत नाही, ती फक्त चलनात आणते. 2011 च्या नाणे कायद्यानं पाडायचा अधिकार केंद्र सरकारचा; टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. आणि चांगलं चित्र काढता आलं की नाणं जमलं, असंही नसतं. हे शिल्पकाम आहे. 20 रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं. तेवढ्यात सगळा उठाव, म्हणजे वर आलेलं चित्र नि अक्षरं, मिलिमीटरच्या आत बसवायचा. उठाव वाढला तर धातू ठशात नीट भरत नाही, नाणी एकावर एक रचता येत नाहीत. म्हणून नमुना आधी मोठा करतात, पूर्वी प्लास्टरमध्ये, आता बरंचसं संगणकावर. मग तो लहान करून पोलादावर उतरवतात.

स्पष्ट सांगतो, टांकसाळीत एन्ग्रेव्हरच्या, म्हणजे ठसे कोरणाऱ्याच्या, जागा क्वचित निघतात, त्याही मोजक्या. 2019 ची नवी नाणी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून करून घेतली होती. तेव्हा एका नोकरीवर आयुष्य टांगू नका, त्याला उठावाचं काम शिकू द्या. पदकं, दागिन्यांच्या डाय (ठसे), देवांचे टाक, सगळीकडे तोच हात लागतो. पीयूसी पूर्ण करून शिल्पकलेची पदवी : मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय किंवा बेंगळुरूची चित्रकला परिषद. सीमाभागातल्या 865 गावांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद असते, त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघा.

त्याआधी एका रविवारी त्याला घेऊन हुपरीला जा. चांदीकामाच्या डाय कोरणाऱ्या एखाद्या कारागिरापुढे तो साबण ठेवा. कारागीर काय म्हणतो ते दोघांनी मिळून ऐका. डबाही बरोबर न्या.