पोरं जास्त म्हणून मारामाऱ्या जास्त?

प्रश्न : आमच्या सातपूरला हाणामारी, कोयता असं काही झालं की आरोपी अठरा-वीसचे. एमआयडीसीमुळे बाहेरून तरुण पोरं आली म्हणूनच हे वाढलं असं सगळे म्हणतात. खरंय का? आणि म्हातारे वाढले की गुन्हे आपोआप कमी होतील का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : अर्धं खरंय. हाणामारीचं वय साधारण पंधरा ते तीस, त्यातही पुरुषच, हे जवळजवळ सगळ्या देशांत दिसतं, बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३१ मध्येच फ्रान्सचे आकडे मांडून हे दाखवलं होतं. जपानमध्ये निम्मी लोकसंख्या पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढची आणि खून लाखामागे एकसुद्धा नाही, हे वाचलं की वाटतं बास, वयच कारण.

पण हिशोब करून बघा ना. समजा तरुण बाकीच्यांच्या तिप्पट गुन्हे करतात आणि लोकसंख्येतला त्यांचा वाटा २७ टक्क्यांवरून २२ वर आला. एकूण गुन्हे किती घटतील? जेमतेम साडेसहा टक्के! आणि अमेरिकेत १९९१ ला खुनाचं प्रमाण लाखामागे ९.८ होतं ते २०१४ ला ४.४, म्हणजे निम्म्याहून खाली, ते नुसत्या वयानं कसं होईल. एल साल्वाडोरचं तर विचारूच नका, २०१५ ला लाखामागे शंभरच्या वर खून, २०१९ ला छत्तीसच्या आसपास. चार वर्षांत तिथली पोरं काय म्हातारी झाली का? टोळ्या, हत्यारं, दारू, पोलीस यांचं गणित बदललं की आकडा बदलतो, वय तेच राहून. आपल्याकडेही खुनाची कारणं बघितली तर एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्राची संस्था) यादीत सगळ्यात वर वाद असतात, म्हणजे घरगुती भांडणं, जमीन, उधारी असलंच.

आणि बाहेरून आलेली पोरं, तर शिफ्ट करून रूमवर झोपणारा पोरगा आणि तलवारीनं केक कापणाऱ्या भाईच्या मागे फिरणारा पोरगा, वय एकच असतं हो. दुसरा बऱ्याचदा इथलाच निघतो (हे माझं मत).

म्हातारे वाढले तर थोडं उतरेल, पण आपोआप नाही. गणपतीआधीच्या शांतता कमिटीच्या मीटिंगला साहेब आले की यंदा गुन्हे किती एवढंच विचारू नका, अठरा ते पंचवीसचे आरोपी किती आणि त्या वयाची हद्दीत लोकसंख्या किती, दोन्ही विचारा, मागच्या वर्षाचंही.