वाचकांचे प्रश्न : गहू आधी की रेल्वे आधी?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटाला असतो. आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा जवळच्या न्यूटन गावात रुळाला लागून पिठाची जुनी गिरणी बघितली. एवढ्याशा गावात एवढी मोठी गिरणी कशाला? आणि आपल्या चक्कीसारखे दगडच होते का तिच्यात? (एक वाचक, सांगली)

उत्तर : न्यूटनमध्ये रेल्वे आधी, गहू नंतर. 1871 साली सांता फे रेल्वेचे रूळ तिथं पोचले, आणि सुरुवातीला ते गाव गुरांचंच होतं, टेक्सासहून चिझम ट्रेलनं कळपच्या कळप हाकत आणायचे आणि इथं गाडीत चढवायचे. पुढच्याच वर्षी फाटा विचिटाला गेला आणि गुरांचा धंदा पण तिकडंच गेला. आता रेल्वेची पंचाईत बघा, रूळ टाकल्याच्या बदल्यात कंपनीला कॅन्ससमध्ये जवळपास 30 लाख एकर जमीन मिळालेली, पण त्या माळावर शेती करणारंच कुणी नसेल तर जमीन विकायची कुणाला आणि डब्यात भरायचं काय? म्हणून कंपनीचे एजंट शेतकरी शोधायला पार युरोप-रशियापर्यंत गेले.

तिथून 1874 पासून आले मेनोनाइट, म्हणजे जर्मन बोलणारे, हातात शस्त्र न घेणारे ख्रिस्ती शेतकरी. आजच्या युक्रेनच्या भागात ते पिढ्यानपिढ्या गहू पिकवत होते, पण झारनं त्यांची लष्करातली सूट काढायचं ठरवल्यावर हजारोंनी देश सोडला. सोबत आणलं ‘टर्की रेड’ गव्हाचं बी. हा गहू लाल, कडक, पेरायचा शरद ऋतूत आणि कापायचा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्याच 1874 च्या उन्हाळ्यात कॅन्ससमध्ये टोळधाड आली आणि उभा मका फस्त झाला, त्यामुळे टोळ यायच्या आत घरात येणाऱ्या पिकाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण खरी अडचण गिरणीत होती, आणि मला वाटतं या सगळ्या इतिहासाचा गाभा तोच आहे. त्या वेळच्या गिरण्यांत दगडच होते, तुमचा अंदाज बरोबर आहे. मऊ गव्हाला ते ठीक, पण हा कडक गहू दगडाखाली गेला की कोंड्याचा चुरा होऊन पिठात मिसळायचा, पीठ तापायचं, काळपट दिसायचं, मग गिरणीवाले या गव्हाला भाव पाडून मागायचे. शेतात सोनं आणि बाजारात माती!

उपाय आला तो हंगेरीतल्या बुडापेस्टच्या गिरण्यांकडून, लोखंडी रोलर. खाचा पाडलेले दोन रोलर शेजारी शेजारी, एक दुसऱ्यापेक्षा साधारण अडीच पट वेगानं फिरतो, त्यामुळे दाणा भरडला न जाता उकलतो, कोंडा मोठ्या पापुद्र्यात सुटतो आणि आतला रवा मोकळा होतो. मग चाळण्या, परत रोलर, परत चाळण्या. त्याआधी गव्हाला पाणी लावून ठेवतात म्हणजे कोंडा चिवट होतो आणि तुटत नाही. आपल्याकडे शेवयांसाठी गहू ओलवून, दळून, वस्त्रगाळ करून सपीठ काढायच्या त्यात हेच तत्त्व होतं, कुणी पुस्तकात न वाचता बायकांनी ते हातानं साधलं होतं.

न्यूटनचा माणूस म्हणजे बर्नहार्ड वार्केंटिन. स्वतः मेनोनाइट, गिरणीवाल्याच्याच घरातला, 1872 मध्ये अमेरिकेत आला. आधी शेजारच्या हॅल्स्टेडला लिटल अर्कान्सॉ नदीवर पाण्यावर चालणारी गिरणी काढली, मग 1880 च्या दशकात न्यूटनला येऊन वाफेवरची गिरणी घेतली आणि न्यूटन मिलिंग अँड एलिव्हेटर कंपनी उभी केली. रशियातून गव्हाचं बियाणं पण त्यानं मागवलं. गहू, गिरणी आणि रूळ हे तिन्ही एकत्र बांधणारा माणूस होता तो.

राहिला गावाच्या आकाराचा प्रश्न. रेल्वेची एक सवलत असायची, गहू वाटेत उतरवा, दळा, आणि पीठ पुढं पाठवा, भाडं मात्र एकाच सलग प्रवासाचं. त्यामुळे गिरणी मोठ्या शहरातच पाहिजे असं काही नव्हतं, रूळ आणि शिवारात गहू असला की झालं, म्हणून कॅन्ससच्या गावोगावी गिरण्या निघाल्या. पुढं 1960 च्या दशकात सुटा गहू नेणं पिठापेक्षा स्वस्त झालं, तसा धंदा जिथं ब्रेड खपतो त्या मोठ्या शहरांकडे सरकला. गावातल्या कितीतरी गिरण्या बंद झाल्या त्या गहू संपला म्हणून नाही, भाड्याचं गणित फिरलं म्हणून, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यांचाच दुसरा प्रश्न : पुन्हा गेलो तर आणखी काय बघावं?

उत्तर : न्यूटनमध्ये वार्केंटिनचं राहतं घर म्युझियम म्हणून जपलंय, ते बघाच. नॉर्थ न्यूटनला बेथेल कॉलेजजवळ कॉफमन म्युझियम आहे, तिथं मेनोनाइट शेतकऱ्यांबद्दल बरंच बघायला मिळतं. आणि जूनमध्ये गेलात तर कापणीला आलेला गहू रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसेल.