विचारा तर खरं : पन्नास चौरस मीटरचा हिशेब

प्रश्न : भाचा विद्यापीठात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतो. त्यांच्या विभागात उपग्रहाच्या चित्रांवरून सोयाबीनच्या उताऱ्याचा अंदाज बांधण्यावर व्याख्यान होतं, मीही जाऊन बसलो. वक्ते म्हणाले, मॉडेलची चूक फार थोडी आहे. माझं सोयाबीन गेलं त्या वर्षी मंडळाचा उतारा चांगला निघाला आणि विम्याचा रुपया मिळाला नाही. आता उपग्रहाला तरी माझं शेत दिसेल का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : उपग्रहाला दिसेल, विम्याला दिसणार नाही. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 मध्ये आली तेव्हापासून भरपाईचा मुख्य आधार क्षेत्राची सरासरी हाच आहे. आपल्याकडे हे क्षेत्र बहुधा महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट, असतं आणि मंडळात मुख्य पिकाचे किमान 10 पीक कापणी प्रयोग (निवडलेल्या शेतातला ठरावीक तुकडा कापून उतारा तोलणं) व्हावे लागतात. गेल्या 7 वर्षांतल्या चांगल्या 5 वर्षांची सरासरी घ्यायची, जोखीमस्तराने (विम्यात ठरलेल्या टक्केवारीने) गुणायची, की उंबरठा उत्पादन हाती येतं. यंदाची सरासरी त्याखाली गेली तर तुटीच्या प्रमाणात सगळ्यांना पैसे, नाही तर कुणालाच नाही. म्हणजे तुमचं काळं रान पाण्याखाली गेलं आणि पलीकडच्या माळावर बरं पिकलं, तर माळाने तुम्हाला बुडवलं. गारपीट किंवा शेतात पाणी साचणं यासाठी वेगळ्या पंचनाम्याची सोय होती. 2025 च्या खरिपात राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला, तेव्हा तीही गेली आणि भरपाई मंडळाच्या सरासरीवरच येऊन ठेपली.

आता 10 प्रयोग पुरतात का ते बघू. समजा मंडळात शेताशेतांच्या उताऱ्यातला फरक, आमच्या भाषेत स्टँडर्ड डेव्हिएशन, हेक्टरी 4 क्विंटल आहे. 10 ठिकाणांच्या सरासरीत तो 4 भागिले 10 चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे सव्वा क्विंटल उरतो. खरी सरासरी नेमकी उंबरठ्यावर असेल तर भरपाई मिळणं न मिळणं हा छापा-काटा झाला. ही चूक निम्मी करायची तर प्रयोग चौपट करावे लागतात. तेवढी माणसं तालुक्याला कुठून आणायची, असं कृषी सहायक विचारेल आणि त्याचं बरोबर आहे. म्हणूनच उपग्रह आणि मॉडेल हवंसं वाटतं.

पण त्या व्याख्यानात मी शेवटच्या रांगेत असते तर एकच विचारलं असतं : मॉडेलला शिकवलं कशावर? अशा बहुतेक कामात उत्तर एकच येतं, कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर. चूक मोजतात तीही त्याच आकड्यांशी ताडून. तेव्हा 'चूक थोडी' याचा अर्थ मॉडेल प्रयोगाच्या आकड्याजवळ आहे, एवढाच. कुणाचं वजन इकडे चुकलं, कुणाचं तिकडे, तर पुष्कळशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सगळीकडे थोडं थोडं जास्तच भरलं गेलं असेल, तर मॉडेल तो जास्तीचा उतारा मन लावून शिकतं आणि तुम्हाला रंगीत नकाशावर परत देतं.

हे दुखणं जुनं आहे. 1940 च्या दशकात बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकडे कापून अंदाज काढत होते, तर दिल्लीत दुसरे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरत होते. सुखात्मे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, त्यामुळे मी त्यांची बाजू जरा जास्तच घेते, ते सोडून द्या. त्यांचा मुद्दा मात्र पक्का होता. कडेवरचं झाड आत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणारा ते आत घेतो. 1.2 मीटर त्रिज्येच्या लहान वर्तुळाकार तुकड्यात 5 सेंटिमीटरची कड जास्त घेतली की क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी फुगतं. 10 मीटर बाय 5 मीटरच्या तुकड्यात तेवढ्याच कडेने 3 टक्के.

सोयाबीनला हाच 10 बाय 5 चा तुकडा घेतात. तो हेक्टरचा दोनशेवा भाग. तिथे अर्धा किलो जास्त तोललं तर हेक्टरी एक क्विंटल वाढतो! एखाद्या मंडळाचा निकाल फिरायला तेवढं पुरतं.

तेव्हा भाच्याला मॉडेल करू द्या, तुम्ही कापणीच्या दिवशी शेतावर जा. शेताचा गट नंबर रँडम आकड्याने (चिठ्ठी काढल्यासारखा) निघाला का, तुकड्याचा कोपरा रँडम आकड्याइतकी पावलं टाकून ठरवला की बांधावरून जिथे पीक चांगलं दिसलं तिथे खुंट्या ठोकल्या, दोरी ताणलेली होती का, मळणी तिथेच झाली का, ओलं वजन आणि वाळल्यावरचं वजन वेगळं लिहिलं का, हे बघा. हरकत तिथेच, त्याच कागदावर लिहायला लावा. नंतर मोर्चाने आकडा बदलत नाही.

प्रश्न : विभागातल्या संशोधन-व्याख्यानांत तिसऱ्या स्लाइडपासून सगळं डोक्यावरून जातं. हजेरीपुरतं जावं का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : जा, पण समीकरणांमागे धावू नकोस. काय मोजलं, कोणी मोजलं, काय मोजायचं राहिलं, एवढं वहीत उतरव. पुण्यात राहतेस तर गणिती आणि इतिहासकार दामोदर कोसंबींची गोष्ट ठाऊक हवी. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवताना त्यांनी प्राचीन आहत (ठसे ठोकून पाडलेली) नाणी तराजूत तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं; एकत्र सापडलेल्या साठ्यातल्या नाण्यांचं सरासरी वजन उतरतं आणि वजनांमधला फरक वाढत जातो. यावरून कुठला गट जास्त काळ चलनात होता हे त्यांनी लावलं. मॉडेल साधं आहे, पण ते नाणं कसं झिजतं इथून सुरू होतं. वक्त्याला नेमकं हेच विचार : तुमच्या आकड्यात 'झिजतं' ते काय? उत्तर देताना तो फळ्याकडे वळला तर खडूने काय लिहितो ते उतरवून घे. स्लाइडवर नसलेलं बरंच काही तिथे असतं. नीट कळलं नाही तर चहाच्या वेळी गाठून पुन्हा विचार.