मी गेल्यावर हिला पेन्शन मिळेल ना?

खान्देशातल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. विचारणारा बहुधा सत्तरीतला असतो. बोलणं गुडघेदुखीपासून सुरू होतं आणि उठता उठता खरी गोष्ट निघते, "ताई, फौजेच्या कागदात बायकोचं नाव चुकलंय. मी गेल्यावर तिला पेन्शन मिळेल ना?"

उत्तर आधीच देऊन टाकते. चूक दुरुस्त होते. पण ती तुमच्या हयातीत, तुमच्या सहीनं करून घ्या. तुमच्या मागे बायकोनं एकटीनं ‘ती मीच’ हे सिद्ध करत फिरावं, हा त्रास टाळता येण्यासारखा आहे.

अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. गाव त्यांना मेजर म्हणतं, मीही तेच म्हणते.

मुलगा त्यांना घेऊन आला तो वेगळ्याच तक्रारीसाठी. झोप नाही, जेवणावर मन नाही, आईवर विनाकारण ओरडतात. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. मुलाला बाहेर बसायला सांगितलं. मेजर बराच वेळ कापसाचा भाव आणि बोंडअळी यावरच बोलत राहिले. मी मध्ये तोडलं नाही. मग एकदम अहिराणीत म्हणाले, "ताई, मी गऊ ते हिनं कसं व्हई?"

हयातीच्या दाखल्यासाठी ते तालुक्याच्या सेंटरवर गेले होते. संरक्षण खात्याच्या पेन्शनचा कारभार आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर चालतो. तिथल्या पोरानं माहिती उघडली, तर पत्नीच्या रकान्यात तिचं माहेरचं नाव आणि जन्मसाल खऱ्यापेक्षा नऊ वर्षं पुढचं. आधार, बँक, रेशनकार्ड या सगळ्यांवर मात्र सासरचं नाव.

आपल्याकडे हे किती घरांत झालं असेल! लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. सुट्टी संपली, नवरदेव युनिटला परतला, तिथे पार्ट टू ऑर्डरसाठी, म्हणजे लग्नाची फौजेच्या दप्तरी नोंद करण्यासाठी, बायकोचं नाव विचारलं. सोयरीक जमल्यापासून कानावर होतं तेच तोंडात आलं. जन्मतारीख कुणाला पाठ होती? अंदाजानं सांगितली. परराज्यातल्या क्लार्कनं ऐकलं तसं इंग्रजीत उतरवलं. तिथून ते शीट रोलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवानोंदीत गेलं, निवृत्तीला हातात मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात आलं. नाव तेच असूनही घोटाळा होतो. समजा, एका कागदावर सुमन आणि दुसऱ्यावर सुमनबाई, तर संगणकाच्या हिशेबी त्या दोघी.

मेजरांच्या मनातली खरी गाठ पुढेच होती. ही चूक त्यांना आत्ता कळली नव्हती. डिस्चार्ज बुक हातात पडलं त्याच दिवशी त्यांनी ती वाचली होती, आणि तेव्हापासून कुणालाच सांगितली नव्हती. का? "फौजमा कागद बोलस, माणूस नही." अर्ज केला तर खोटी माहिती दिली म्हणून आपल्याला धरतील, आहे ती पेन्शनही बंद करतील, अशी धास्ती. ज्या माणसानं सेवेत एक लाल शेरा लागू दिला नाही, त्याला म्हातारपणी आपण लबाड ठरू, ही भीती पोखरत होती.

मी विचारलं, "मेजर, या चुकीतून तुम्हाला एक रुपया जास्तीचा मिळाला का?" नाही. "लग्न दोन केलीत का?" "नही वो ताई!" "मग लपवलंत काय?" ते बोलले नाहीत, डोळे पुसत राहिले. सैनिकी शिस्तीत वाढलेल्या माणसाला कागदातली विसंगती म्हणजे आपला गुन्हा वाटतो. चूक झाली आणि आपण फसवणूक केली, या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या करणं हे पहिलं काम असतं. त्याआधी कुठलाही फॉर्म पुढे करण्यात अर्थ नसतो.

दुसरं काम त्यांना जड गेलं. मी म्हटलं, आता घरी सांगा. ते तयार नव्हते, "ती घाबरेल." पुढच्या भेटीला मात्र दोघं आले. त्या माउलीला वाटत होतं, नवऱ्याला मोठा आजार झालाय आणि तो आपल्यापासून लपवतोय. सगळं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "माले काबर नही सांगं?" आणि मग स्वतःहून सांगितलं, पारोळ्याकडच्या माहेरच्या गावात ती चौथीपर्यंत शिकली होती. शाळेच्या रजिस्टरला तिचं माहेरचं नाव आणि खरी जन्मतारीख, दोन्ही असणार! मेजरांना हे ठाऊकच नव्हतं. शाळेनं दाखला दिला. इतकी वर्षं जो पुरावा हवा होता, तो बायकोच्या आठवणीत होता.

इथे एका चुकीच्या सल्ल्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तो सर्रास मिळतो. सेंटरवरच्या पोरानं सुचवलं होतं, फौजेचं दप्तर कशाला हलवता, आधारच त्याच्यासारखं करून टाकू. असं अजिबात करू नका. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. खरी माहिती मोडून खोट्याशी जुळवली की बँक, सातबारा, माजी सैनिकांच्या उपचारांचं ईसीएचएस कार्ड सगळं विस्कटतं. शिवाय यात बाईचं नुकसान. कुटुंब निवृत्तिवेतन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं, आणि तिला ८० वर्षं पूर्ण झाली की त्यात २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०. जन्मसाल नऊ वर्षं पुढचं राहिलं तर ती वाढ नऊ वर्षं उशिरा. डिस्चार्ज बुकात स्वतःच्या पेनानं खाडाखोड तर कधीच करू नका, त्यानं साधी चूक खरोखरच संशयास्पद होते.

वाट सरळ आहे, वेळ मात्र लागतो. दुरुस्ती करतं तुमचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, म्हणजे आपण ज्याला सैनिक बोर्ड म्हणतो तिथून पाठवा. ते जळगावला आहे, धुळ्यालाही आहे. सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची प्रत, दोघांचं आधार-पॅन, लग्नाचा आणि वयाचा पुरावा, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र. प्रकरणाप्रमाणे वर्तमानपत्रातली जाहिरात किंवा राजपत्राची प्रतही मागतात, म्हणून खर्च करण्याआधी बोर्डात विचारून घ्या. अर्जात गोष्ट लांबवू नका. चुकीचं काय, बरोबर काय, पुरावा कोणता, एवढंच. रेकॉर्ड ऑफिसनं मान्य केलं की प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जातं आणि दुरुस्त पीपीओ निघतो. त्याला आपले फौजी करिजेंडम म्हणतात. उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकारात अर्जाची स्थिती विचारता येते. त्याची मुदत ३० दिवस.

सैनिकाच्या स्वतःच्या जन्मतारखेची गोष्ट वेगळी. भरतीच्या वेळी नोंदलेली तारीख उशिरा बदलून मागितली तर न्यायालयंही सहसा ऐकत नाहीत. त्यामागे लागून म्हातारपण झिजवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेजरांच्या अर्जावर एकदा आक्षेप आला. प्रतिज्ञापत्रात माहेरच्या नावाचं स्पेलिंग पीपीओतल्यापेक्षा वेगळं पडलं होतं. ते नव्यानं करून दिलं. करिजेंडम यायला बरेच महिने गेले, पण त्यांची झोप त्याच्या कितीतरी आधी परत आली होती, बायकोला सांगितलं त्याच आठवड्यात. आता कागदांची पिशवी तिच्याकडे असते. डिस्चार्ज बुक कुठलं, पीपीओ कुठला, ते ती न वाचता, नुसतं पाहून ओळखते. पेन्शनचं खातंही दोघांच्या नावावर करून घेतलं.

ज्या घरात सैनिक आधीच गेला आहे आणि चूक तशीच राहिली आहे, तिथल्या भगिनींनाही सांगते, हक्क संपलेला नाही. मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन त्याच सैनिक बोर्डात जा. दाद मिळालीच नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबईला खंडपीठ आहे. वकिलाच्या पैशांची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा असतो. एकटीनं जायची भीती वाटत असेल तर सोबत मुलगी, सून, शेजारीण, कुणालाही न्या.