आजीच्या घरचे प्रॉब्लेम

ए चिमणे,

तुझा मेसेज वाचला. वटपौर्णिमेला सगळ्या बायका नटूनथटून वडाकडे निघाल्या, काकू मात्र "मला प्रॉब्लेम आहे" एवढंच बोलून घरी बसली, आणि तू "काय प्रॉब्लेम?" विचारलंस तर आजीने डोळे वटारले. अगं, काकूची पाळी आली असणार, दुसरं काय. आजीच्या वेळी "कावळा शिवला" म्हणायचे, मग "अडचण" म्हणायला लागले, आता प्रॉब्लेम. नाव बदललं पण पूजेला न जाणं काही सुटलं नाही. मला विचारशील तर मला ते अजिबात पटत नाही, पण म्हणून चार लोकांत काकूला छेडू नको, तिचं ती बघेल. तुला तिकडे आली तर सरळ "पाळी आली" सांग, पॅड्स बॅगेच्या साइडच्या कप्प्यात ठेवलेत.

बाकी आजीचं म्हणशील तर तिचा दिवसच प्रॉब्लेमवर चालतो. "कूलरचा प्रॉब्लेम झाला" म्हणाली की समजायचं पंप बंद पडलाय, वाळ्याच्या ताट्या कोरड्याठण्ण आणि पंखा नुसती गरम हवा फेकून राह्यला. बहुतेक पंपाच्या जाळीत कचरा अडकतो, पण तू हात घालू नको हं, पाण्यात करंट उतरतो कधीकधी, काकांना सांग, ते प्लग काढून बघतील. हा मात्र खराखुरा प्रॉब्लेम आहे, पाऊस येईस्तोवर नागपुरात कूलरशिवाय झोप नाही, २०१३ च्या मे मध्ये तर पारा ४७.९ वर गेला होता!

शुगरचा प्रॉब्लेम म्हणजे डायबेटिस, तो असूनही आजी संत्रा बर्फी खाते ती गोष्ट वेगळी. ताईच्या स्थळाकडून "पत्रिकेचा प्रॉब्लेम आहे" असा फोन आला म्हणालीस ना, तर त्यांना मुलगी पसंत नाही गं, पत्रिका बिचारी फुकट बदनाम होते. "घरी थोडा प्रॉब्लेम आहे" असं कोणी म्हटलं की मान हलवायची, चहा विचारायचा आणि खोदून काही विचारायचं नाही, भांडण असेल, दारू असेल, पैसा असेल, सांगायचं झालं तर ते आपणहून सांगतील. आणि बर्डीच्या बाजारात कोणी गाडी थांबवून "तुझा प्रॉब्लेम काय आहे बे?" म्हणत असेल तर काकांचा हात धरून पुढे चालायचं, तिथे थांबून मजा बघायची नाही.

हो, आणि सुट्टीचा अभ्यास करताना आजीला "मॅथ्सचे प्रॉब्लेम्स करतेय" नको सांगू, गणितं म्हण. परवा तिने मला रात्री फोन केला, "काऊन गं, पोरीले शाळेत काय प्रॉब्लेम झाला?"

आई