शंभरपर्यंत म्हणतो, पण पाच चमचे आणता येत नाहीत

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका आईची तक्रार. मुलगा साडेपाच वर्षांचा, मोठ्या गटात. एक ते शंभर धडाधड म्हणतो, पण "पाच चमचे आण" म्हटलं की हाताला लागतील तेवढे उचलून आणतो. वहीत २५ ऐवजी ५२ लिहितो. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, गणितात कच्चा राहणार. तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी रडारड. "मॅडम, याचं डोकं कमी चालतं का हो?"

त्याच्यासमोर सात चिंचोके ओळीत मांडले. मोजताना "सहा" म्हणायला दोन ठोके लागतात, तर 'स'ला त्याचं बोट एका चिंचोक्यावर आणि 'हा'ला पुढच्यावर. सातांचे सहाच झाले. "मग किती आहेत?" विचारल्यावर तो पुन्हा एकपासून मोजायला लागला. "तीन दे" म्हटल्यावर बरोबर तीन दिले, "पाच दे" म्हटल्यावर मूठभर.

यावरून नेमकं कळतं. अंकांचा क्रम त्याला पाठ आहे. एका वस्तूला एकच अंक हे अजून डळमळीत आहे. आणि शेवटचा उच्चारलेला अंक म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्याला उमगलेलं नाही. ही समज बऱ्याच मुलांना साडेतीन ते पाच वर्षांच्या दरम्यान येते, काहींना थोडी उशिरा. नुसतं म्हणून घेतलं आणि वस्तू द्यायला-आणायला लावलंच नाही, तर ती मागेच राहते. बुद्धीचा यात काही दोष नाही.

त्या आईला पहिलं सांगितलं ते हे, की शंभरचं म्हणणं काही दिवस बंद. दहाच्या आत राहायचं, रोज दहा मिनिटं, आणि तो कंटाळला की तिथेच थांबायचं.

दोन ताटल्या घ्यायच्या. चिंचोका उचलायचा, अंक म्हणायचा, दुसऱ्या ताटलीत ठेवायचा, मगच पुढचा. बोट दाखवून मोजताना बोट तोंडाच्या पुढे पळतं. उचलून ठेवताना पळता येत नाही, आणि मोजलेलं-न मोजलेलं वेगळं दिसतं. शेवटी सगळ्यांवरून हात फिरवून आईने म्हणायचं, "चार. चार चिंचोके." लगेच वर टॉवेल टाकायचा आणि विचारायचं, "आत किती?" झाकलेलं पुन्हा मोजता येत नाही, म्हणून शेवटचा अंक धरून ठेवावाच लागतो. सगळ्यात जास्त उपयोग या झाकण्याचा होतो. चुकला तर "नाही, चूक" म्हणायचं नाही. टॉवेल उचलायचा आणि दोघांनी मिळून मोजायचं. चार जमले की पाच, मग टॉवेलखाली त्याच्यादेखत एक सरकवून "आता किती?" घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके, शेंगदाणे नकोत, घशात अडकतात, बांगड्या किंवा चमचे चालतात.

आई घरी विड्या वळते. तिने विचारलं, विड्याच मोजायला दिल्या तर? नको. तंबाखूला मुलाचा हात लागायला नको, आणि खेळ म्हणता म्हणता ते काम होऊन बसतं. त्यापेक्षा जेवायला किती जण बसणार ते मोजून तेवढ्या वाट्या त्याला आणू द्याव्यात.

अंड्यांचा तीस खळग्यांचा ट्रे मिळाला तर पाच-पाचच्या दोन रांगा कापून घ्याव्यात. सात म्हणजे एक रांग पूर्ण आणि वर दोन, हे डोळ्यांना दिसायला लागतं. बोटांवर मोजलं तर मोजू द्यावं.

आता २५ आणि ५२. मराठीत आपण पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो, लिहिताना मात्र दोन आधी. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारं मूल ५२ लिहिणारच. त्यात या घरात आजी तेलुगू बोलते, आणि तेलुगूत "इरवै ऐदु", म्हणजे वीस आधी, पाच नंतर. कन्नड बोलणाऱ्या घरातही तसंच. दोन उलट क्रम एकाच पोराच्या कानावर पडतात. याच अडचणीसाठी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" असं वाचन आलं होतं, आणि त्यावर केवढा वाद झाला. घरी दोन्ही म्हणावं: "वीस पाच, पंचवीस." आजीला तेलुगूत मोजू द्यावं, संख्येची समज कुठल्याही भाषेत आली तरी ती येतेच. पण हे सगळं दहापर्यंत पक्कं झाल्यावर. तेव्हा आइस्क्रीमच्या दहा-दहा काड्यांचे रबर लावून गठ्ठे करायचे, दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे, आणि त्यांच्याखाली अंक लिहायचे.

काही आठवड्यांत तो पाच चमचे मोजून आणायला लागला. सहा-सातला अजून अडखळतो, आणि या टप्प्यावर ते ठीक आहे. मूल सहा वर्षांचं झालं, रोजचा सराव दोन-तीन महिने नीट झाला आणि तरी "तीन दे" जमत नसेल, किंवा बोलणंही उशिरा आलं असेल, हाक ऐकू येत नसेल, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांना हे मुद्दाम सांगावं.

शिकवणीच्या बाईंना आईने एवढंच कळवायचं ठरलं: सध्या वहीत दहापर्यंतच अंक द्या, आणि प्रत्येक अंकाशेजारी तेवढे ठिपके काढायला सांगा.